नुसती साथ

नवरा गेला तेव्हा ती कामावर होती. दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या तोंडाचे साचे येत, त्यांवर मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करायची, हे तिचं काम. फोन ठेवल्यावर तिने मेणाचा चाकू पुसला, अर्धवट कवळी डबीत घातली, डबीवर डॉक्टरचं नाव टाकलं आणि मग ती निघाली. दाढी करता करता तो बाथरूममध्ये कोसळला होता. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्याच्या एका गालावर फेस वाळला होता. तो तिने ओल्या टॉवेलने पुसून काढला.

पुढचे दिवस माणसांचे होते. भेटायला आलेल्या बायका तिच्या पाठीवरून हात फिरवत, एकदा रडून मोकळी हो म्हणत. ती मान हलवायची आणि चहा टाकायला उठायची. तिच्या डोळ्यांत टिपूस नाही, ही गोष्ट नातेवाइकांत फिरली. बाईने मनावर दगड ठेवलाय, असं कुणी म्हणे. मुळात दगडच आहे, असंही कुणी म्हणे. तिच्या कानावर दोन्ही आलं. तिला काही वाटलं नाही. भूक लागली की ती जेवायची, झोप आली की झोपायची.

तो गायचा आणि ती गिटारवर साथ करायची, अशी त्यांची जोडी होती. छोटी सभागृहं, हॉटेलं, कुणाचा साठावा वाढदिवस, अशा ठिकाणी त्यांना बोलवत. गाणी त्याची स्वतःची असत. लोक त्याला नावाने ओळखत आणि तिला गिटारवाल्या बाई म्हणत. तो गेल्यापासून गिटार पेटीतच होती. पेटी पलंगाखाली होती आणि केर काढताना झाडू तिला लागायचा.

पेटी बाहेर काढली ती धाकट्या दिराने. तो सभागृहांत ध्वनियंत्रणा बसवायचा. एका रविवारी तो मायक्रोफोन, वायरींचं भेंडोळं आणि लॅपटॉप घेऊन आला आणि म्हणाला की दादाच्या गाण्यांचा अल्बम करायचा. एका कार्यक्रमातला दादाचा निव्वळ आवाज त्याच्याकडे वेगळा टेप केलेला होता. वहिनींनी गिटार नव्याने वाजवायची आणि त्यावर तो आवाज चढवायचा, असा त्याचा बेत होता. ती बरं म्हणाली. नाही म्हणायलाही काही कारण नव्हतं.

झोपायच्या खोलीतच रेकॉर्डिंग सुरू झालं. खोली घुमू नये म्हणून दिराने कपाटाची दारं सताड उघडी ठेवायला लावली. आत नवऱ्याचे शर्ट, कोट, स्वेटर तसेच टांगलेले होते. कपडे कुणाला तरी देऊन टाक, असं सगळे सांगत होते. तिने ते मायेने ठेवले होते असं नाही, त्या कामाला हात लागला नव्हता एवढंच. आता ते आवाज शोषून घ्यायच्या कामी आले. फ्रिजची घरघर मायक्रोफोनमध्ये येते म्हणून तो बंद केला, आणि पुन्हा चालू करायचं विसरल्यामुळे पहिल्याच दिवशी दूध नासलं.

यंत्र कसं चालू करायचं ते शिकवून दीर गेला. त्यानंतर ती सुटीच्या दुपारी एकटीच वाजवू लागली. तिला गाण्याची चाल वाजवता येत नव्हती, कधी वाजवलीच नव्हती. तिला यायची ती साथ. सुरुवातीचे चार सूर, मग मागचा संथ ठेका, दोन ओळींमधला भराव. गाण्याच्या जागी ती नुसते स्वर धरून ठेवायची आणि ओळ संपेल तेवढा वेळ थांबायची. उजव्या हाताची नखं कामावर प्लास्टर घासून तुटत, म्हणून ती बोटांच्या मांसल टोकांनीच वाजवायची. त्यामुळे आवाज जरा बोथट येई.

पलीकडच्या खोलीत सासरे असत. ते शाळेत कवायत शिकवायचे, निवृत्त होऊन जमाना झाला होता. मुलगा गेल्यापासून त्यांचं बोलणं जेवणापुरतं उरलं होतं. एका दुपारी ते येऊन दाराशी खुर्ची टाकून बसले. गाण्याची जागा आली तेव्हा ते गुणगुणायला लागले. बेसूर, आणि मध्येच सुनेनेच बनवून दिलेल्या कवळीचा टक्क असा आवाज. तिने गिटार थांबवली नाही. ओळ संपवायला ते वेळ घेत होते, म्हणून तिने थोडी वाट पाहिली. सासऱ्यांसह ते सगळं टेप झालं. दुसऱ्या दिवशी तिने तेच गाणं परत वाजवून ठेवलं.

सगळी गाणी झाल्यावर दीर आला आणि जेवणाच्या टेबलावर त्याने लॅपटॉप मांडला. तिच्या गिटारवर त्याने दादाचा आवाज चढवला. नवऱ्याचा आवाज खोलीत आला आणि सासऱ्यांनी डोळे मिटून घेतले. पण दुसऱ्या कडव्यापर्यंत गाडी रुळावरून उतरली. आवाज पुढे, गिटार मागे. दिराने आवाज ओढून मागे आणला. पुढच्या ओळीत तो पुन्हा पुढे. दुसरं गाणं लावलं, तिथेही तेच.

"वहिनी, तुम्ही सगळंच संथ वाजवलंय," दीर म्हणाला. "आधी असं नव्हतं."

ती ऐकत राहिली. हा आवाज कसा पळतो ते तिच्या हातांना पाठ होतं. गाताना रंगात आला की तो सुटायचा, आणि ती मागून धावत सगळं सावरून घ्यायची, लोकांना कळूही न देता. कार्यक्रम संपला की तिचा खांदा भरून यायचा. इतके दिवस दुपारी एकटीने वाजवताना खांदा एकदाही दुखला नव्हता, हे तिच्या आता लक्षात आलं. तिला बरं वाटलं होतं. तो गेल्यापासून तिला काही वाटलं असेल तर ते हेच. तिला स्वतःची शरम वाटली, आणि तीही इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"पुन्हा वाजवाल का? त्याच्या आवाजाबरोबर, कानात लावून?"

"नाही वाजवणार, भावजी. आहे ते असंच राहू दे. त्याचा आवाज नको."

दिराचा चेहरा पडला. मग यात दादाचं काय राहिलं, असं त्याने विचारलं. लोक काय ऐकणार, नुसती साथ? एवढी वर्षं संसार केला आणि त्याचा आवाजच नको म्हणता? खांद्याचं सांगण्यासारखं नव्हतं. ती ताटं वाढायला उठली.

तेव्हा सासरे बोलले. "कवायतीतही त्याचं पाऊल पुढेच पडायचं. सगळी रांग बिघडवायचा. किती ओरडलो असेन." मग धाकट्याकडे वळून ते म्हणाले, "तिचं तिला वाजवू दे."

दीर त्या दिवशी न जेवता गेला. पण काम त्याने सोडलं नाही. आवाज काढून टाकून, सगळं साफसूफ करून त्याने अल्बम इंटरनेटवर चढवला आणि तिला फोन करून कळवलं. कुठे काय जोडलं, काय काढलं एवढंच तो बोलला. दादाचा आवाज त्याने स्वतःपुरता ठेवून घेतला. पुढे कितीतरी दिवस तो घरी फिरकला नाही; मग एकदा सासऱ्यांची औषधं घेऊन आला आणि जेवून गेला.

अल्बमची कुठे चर्चा झाली नाही. शंभरेक लोकांनी ऐकला असेल. कामावरच्या एका मैत्रिणीने सांगितलं की तो लावला की आपल्या सासूला पटकन झोप लागते. तिला ते आवडलं. सासऱ्यांनी मात्र तक्रार केली. पूर्ण ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "यात मी कुठाय?"

"तुम्ही बेसूर होतात, बाबा."

ते त्यांना पटलं नाही. संध्याकाळपर्यंत ते घुश्शात होते.

थंडी सरता सरता तिने कपाट रिकामं केलं. कोट दिराला झाला, बाकीचे कपडे गेले. निळा स्वेटर घडी घालताना ती पलंगावर बसली आणि तिला रडू आलं. फार वेळ नाही. तोंड धुऊन ती पुन्हा कामाला लागली.

रिकाम्या कपाटामुळे खोली घुमू लागली. आता ती वरच्या तारांवर चाल शोधायला बसते, एकेका सुराने, चाचपडत. ते अजून जमत नाही. पलीकडच्या खोलीतून सासरे ओरडून तसं सांगतातही. ती ऐकून घेते, तारेवरचं बोट एक घर मागे घेते आणि परत पहिल्यापासून वाजवते.