सोबतीला आलेल्यांचा बाक

“पाय हलतोय ह्याचा. वर्गात न्हाय चालायचा, भायेर टाका!” शिपाई गणपतरावांचा हा खणखणीत आवाज ऐकून मला बारा वर्षं झाली.

मित्रांनो, मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजचा जुना बाक आहे. ज्ञानू सुताराने सागाच्या फळ्यांना रंधा मारून मला घडवलं. दहा वर्षं पहिल्या रांगेत मिरवलो, मग व्हरांड्यात आलो. माझ्या पाठीशी खिडकी, खिडकीपलीकडे मार्गदर्शन कक्ष. अडलेला विषय तिथे संयोगिता मॅडम पुन्हा पहिल्यापासून शिकवतात. तरी आत जाताना पोरांचे पाय जड होतात. जो तो म्हणतो, मी याच्यासोबत आलोय. एकदा तर दोघं जण एकमेकांना सोडायला आले आणि दोघंही माझ्यावरच बसून राहिले!

शिवाजी पेठेतला राजवीरही असाच सोबती. तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. मैदानावर हाक दिली की पलीकडच्या गल्लीत ऐकू जायची. पण सांख्यिकीत दोनदा नापास. यंदा राहिलास तर कॉलेज बंद, शिरोलीला कारखान्यात कामाला लागायचं, असं घरून बजावलेलं. रोज चार वाजता तो मित्राला, अरिहंतला, घेऊन यायचा.

“आत ये की मर्दा, पंखा तरी हाय,” अरिहंत म्हणायचा.

“जा तू. मी काय ढ हाय व्हय? तुला सोडाय आलोय.”

आणि मग खिडकीला कान. वही आणली तर कुणाला दिसेल, म्हणून तळहातावर सूत्रं लिहायचा. ती घामाने पुसायची, तो पुन्हा लिहायचा. मॅडमना ते कळत असावं. तो आला की त्या खिडकी सताड उघडायच्या आणि जरा मोठ्याने शिकवायच्या.

परीक्षेला आठ दिवस उरले. अरिहंतच्या शंका संपल्या, त्याचं येणं थांबलं. राजवीर एकटाच येऊन बसला. आत कुणी नाही, त्यामुळे खिडकीतून ऐकायलाही काही नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, पाय तेवढा ठोकून दिलात तरी पुष्कळ. पण माझ्यावर कुणी रोज नुसतं बसलेलं दिसलं, तर त्याला हसू नका. त्याला आत जायचं असतं.

मॅडम बाहेर आल्या. त्याच्या शेजारी बसल्या.

“आज कुणाला सोडायला आलास, राजवीर?”



“कुणाला न्हाय, मॅडम. अरिहंतला कवाच यायला लागलं. मलाच येत न्हाय.”