चार ते पाच, फक्त महिला

छोटीने पाठवलेला खोका शनिवारी सकाळी आला, आणि तो उघडायच्या आधीच वहिनीला तो परत पाठवावासा वाटला. खोक्यावर चित्र होतं: मोठ्या ताटाएवढं गोल, काळं यंत्र आपलं आपण घर झाडतंय. इथवर सगळं छान होतं. पण चित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की यंत्राला कॅमेरा आहे, आणि एकदा ते घरच्या वाय-फायला जोडलं की मालकाला जगाच्या पाठीवर कुठूनही आपलं घर बघता येईल. मालक म्हणजे अर्थातच छोटी.

छोटी ही वहिनीची नणंद. वय बेचाळीस, हाताखाली अकरा माणसं, आणि राहायला इतकी लांब की इथे दुपारचे चार वाजतात तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा झालेले असतात. पण घरातलं शेंडेफळ ते शेंडेफळ, म्हणून सगळ्यांसाठी ती अजून छोटीच होती. स्वभावाने वाईट नव्हती. वाईट असती तर फार बरं झालं असतं, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं.

सव्वा वर्षापूर्वी सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं आणि त्यांनी अंथरूण धरलं. त्याबरोबर वहिनीही घराला बांधली गेली. त्याआधी ती चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायची, त्या फ्रेममध्ये बरोबर बसवायची. हात इतका नेमका की दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा, आमच्या बाईंनी बसवलेली काच निखळवून दाखवा. ते काम सुटलं. मग दळण, भाजी, औषधं सगळं दारात यायला लागलं, आणि वहिनीला बाहेर जायला कारणच उरलं नाही. घर तरी केवढं? दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीत खिडकीशी सासूबाईंचा पलंग, आणि पलंगावरून तिन्ही दारं दिसायची.

तिने सरळ मागून पाहिलं नव्हतं असं नाही. “मला रोज तासभर बाहेर जायचंय,” असं ती नवऱ्याला म्हणाली होती. नवरा म्हणाला, “बघू.” हा माणूस सुट्या भागांच्या गोदामात स्टोअरकीपर होता, हजारो लहानमोठ्या वस्तू कुठल्या फळीवर आहेत ते त्याला तोंडपाठ होतं, पण घरात त्याच्यापाशी हा एकच शब्द होता. छोटीला फोनवर सांगितलं तर ती कळवळून म्हणाली, “वहिनी, तू स्वतःसाठी वेळ काढलाच पाहिजेस,” आणि पुढच्या आठवड्यात कुरिअरने सुवासिक मेणबत्त्या आल्या.

तेव्हा जे कुणी दिलं नाही ते वहिनीने घेतलं. दहा मिनिटांच्या अंतरावर तरणतलाव होता आणि त्याच्या फाटकावर पाटी होती: चार ते पाच, फक्त महिला. सासूबाई साडेतीनची गोळी घेतली की डोळे मिटायच्या ते पाच-सव्वापाचपर्यंत. वहिनी त्यांच्या उशाशी पाण्याची बाटली आणि फोन ठेवायची, फोनवर पहिलाच नंबर आपला. चारला एक मिनिट असताना चपला हातात घेऊन दाराबाहेर. तलावावर काठाशी बसणाऱ्या रखवालदारीणबाईंच्या हातात आपला फोन द्यायचा, वाजला तर हाक मारा म्हणून सांगायचं, आणि पाण्यात शिरायचं. तिथे तिला कुणी वहिनी म्हणत नव्हतं, काही आणून दे म्हणत नव्हतं. अर्धा तास पोहून पाचला पाच मिनिटं असताना ती घरी असायची. आठ महिन्यांत फोन एकदाही वाजला नव्हता.

हे बरोबर होतं का? नव्हतं. म्हातारं माणूस घरात एकटं टाकून जाणं बरोबर नाही, हे वहिनीलाही कळत होतं. रोज जिना चढताना तिचा जीव टांगणीला लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता ती पुन्हा जायची. तो एक तास नसता तर आपण कुणावर तरी हात उगारला असता, असं तिला मनापासून वाटायचं.

आणि आता हे काळं ताट आलं होतं.

“अगदी सोपं आहे वहिनी,” शनिवारी संध्याकाळी छोटी व्हिडिओवर म्हणाली. “यंत्राचं बटण दाबून धर. दिवा लुकलुकला की ॲपमध्ये वाय-फाय निवड, पासवर्ड टाक, झालं. आईला कधीही बघता येईल मला. तुलाही झाडूपोछ्यातून सुटका.”

पासवर्ड म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या स्कूटरचा नंबर. वहिनीने बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकला, आणि तिने शेवटच्या सातच्या जागी एक टाकला. यंत्राने विचार केला, आणि नेटवर्कला जोडता आलं नाही असं बाईच्या आवाजात जाहीर केलं.

“अगं बाई, नाही झालं,” वहिनी म्हणाली.

“पुन्हा कर.”

पुन्हा केलं. पुन्हा एक. पाच वेळा केलं. नवरा सोफ्यावरून म्हणाला, “उद्या बघू.” लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हा शब्द तिला इतका गोड कधी लागला नव्हता.

रविवारी सासूबाईंना जेवायला घालताना वहिनीने यंत्राबरोबर आलेलं पुस्तक मांडीवर घेऊन पहिल्या पानापासून वाचलं. काच घासणाऱ्या बाईला बारीक अक्षराचं काय कौतुक! नवव्या पानावर तिला हवं ते सापडलं. घरातला राउटर दोन नावं दाखवत होता, एक साधं आणि एक ज्याच्या शेपटीला ‘फाइव्ह जी’ लावलेलं. यंत्राला फक्त साधंच ओळखता येत होतं. संध्याकाळी छोटीसमोर वहिनीने साळसूदपणे फाइव्ह जी निवडलं, आणि या वेळी पासवर्ड खणखणीत बरोबर टाकला, एकेक आकडा मोठ्याने म्हणत.

“नाहीच गं होत,” ती म्हणाली. “खराबच निघालं वाटतं. परत पाठवून दे.”

पलंगावर सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या. “नाही होत तर राहू दे की,” त्या म्हणाल्या. “मला काय बघायचंय रोज रोज? आहे तिथेच आहे मी.”

पण छोटीने हाताखाली अकरा माणसं उगाच नाही ठेवलेली. सोमवारी संध्याकाळी तिने दादाला हाताशी धरलं. “दादा, तुझा फोन वहिनीच्या फोनवर धर. मला तिचं बोट दिसलं पाहिजे.” नवरा आज्ञाधारकपणे फोन धरून उभा राहिला. वहिनीचं बोट त्या शेपटीवाल्या नावाकडे गेलं तशी छोटी ओरडली, “थांब! इथेच तर चुकतंय! साधं निवड, साधं!”

वहिनीने साधं निवडलं. आता पासवर्डात चूक करावी तर नवरा खांद्यावरून बघत होता, आणि स्कूटरचा नंबर त्याच्या काळजावर कोरलेला. तिने एकेक आकडा टाकला. शेवटच्या सातावर बोट टेकवताना तिचे डोळे भरून आले. यंत्र टुणकन वाजलं आणि त्याच्या डोळ्याभोवती निळी कड उमटली.

“झालं!” छोटीचा आवाज आता जमिनीवरून आला. यंत्र गरकन वळलं, पलंगाशी गेलं, मान वर केल्यासारखं थांबलं. “आई! दिसतेस तू मला!” आणि ती रडायला लागली. लांब राहून आईच्या म्हातारपणाची काळजी करणारी मुलगी होती ती, तिचं रडणं खरं होतं. वहिनीलाही ते कळलं, आणि त्यामुळे तिची आणखीच पंचाईत झाली.

मंगळवारी चार वाजता वहिनी दारापर्यंत गेली. यंत्राची निळी कड पेटली.

“वहिनी, कुठे निघालीस?”

“कुठे नाही. दाराची कडी बघत होते.”

मग ती भांडी लावायला स्वयंपाकघरात गेली तर यंत्र मागोमाग आलं. धुतलेले कपडे काढायला गॅलरीत गेली तर उंबऱ्याशी येऊन थांबलं. छोटी गप्पा मारत होती, प्रेमाने, उत्साहाने, पूर्ण एक तास. पाच वाजले तेव्हा वहिनी कपाटाच्या आड उभी होती, काही कारण नसताना, फक्त त्या डोळ्याला दिसू नये म्हणून. अंगावरचे कपडेसुद्धा तिला काचायला लागले होते.

बुधवारी सासूबाईंनी साडेतीनची गोळी घेतली, डोळे मिटले. यंत्र कोपऱ्यात आपल्या जागी वीज पीत बसलं होतं, डोळा विझलेला. पण तो कधी पेटेल याचा काय भरवसा? दारात त्याने गाठलं तर काय सांगायचं? वहिनी पलंगासमोरच्या खुर्चीवर बसली. चार वाजले. चार वाजून पाच मिनिटं झाली. तलावावर आत्ता बायका पायऱ्या उतरत असतील. चार वाजून दहा मिनिटं झाली.

सासूबाईंनी एक डोळा उघडला.

“अजून गेली नाहीस?”

वहिनीला वाटलं आपल्याला भास झाला. “कुठे आई?”

“मलाच विचार आता! पोहायला, आणखी कुठे. रोज ओले केस घेऊन येतेस, अंगाला तो औषधाचा वास येतो तलावाच्या. हाड मोडलंय माझं, नाक नाही.”

“तुम्ही… झोपलेल्या असता ना?”

“त्या गोळीने मुंगीसुद्धा झोपणार नाही गं.” सासूबाईंनी दोन्ही डोळे उघडले. “आठ महिने रोज साडेतीनला डोळे मिटून घेते मी. म्हटलं, मी जागी दिसले तर ही पोर जायची नाही. पाठीला रग लागते, तरी कूस बदलत नाही तुझी चप्पल जिन्यात वाजेपर्यंत. मी आयुष्यभर याच घरात होते. मला माहीत आहे भिंती कशा अंगावर येतात ते. जा तू.”

आठ महिने तिने चोरून घेतलेला तास तिला कुणीतरी रोज हातात देत होतं, आणि तिला पत्ताच नव्हता. तिला सासूबाईंचे पाय धरून रडावंसं वाटलं.

तेवढ्यात तिला कोपऱ्यातली निळी कड दिसली. कधी पेटली होती कोण जाणे. वहिनीने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं, मानेने कोपऱ्याकडे खूण केली. पण सासूबाईंना मोतीबिंदूपायी तेवढ्या लांबचा दिवा दिसत नव्हता, आणि यंत्र जागेवरून हललं तरच ते बघतं-ऐकतं असा त्यांचा समज होता. शिवाय आठ महिने दाबून ठेवलेलं बोलणं एकदा सुरू झालं की ते कुठलं थांबतंय!

“खुणा कसल्या करतेस? जा म्हणते ना. फोन आहे उशाशी. मी एकटी काही मरत नाही तासाभरात, आजवर मेले का?”

“आई,” कोपऱ्यातून आवाज आला, “तू रोज घरात एकटी असतेस?”

सासूबाईच म्हणाल्या, “मी पाठवते तिला.” त्यांनी माघार घेतली नाही. “माझ्या हुकमाने जाते ती.”

“आणि काही झालं असतं तर? आई, तू हलू शकत नाहीस! वहिनी, अगं मला सांगायचं तरी!”

“सांगितलं होतं,” वहिनी म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. “तू मेणबत्त्या पाठवल्यास.”

छोटी बहुधा पुन्हा रडत होती. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“तू बस की चार ते पाच माझ्यापाशी,” सासूबाई तिला म्हणाल्या. “एवढं यंत्र पाठवलंस. तू बघ मला, ती जाईल.”

“आई, मला अकराला रोज मीटिंग असते. आत्तासुद्धा पंधरा मिनिटांत आहे.”

“मग हिला तास मिळाला नाही, आणि तुलाही मिळत नाही. मिळतो कुणाला?”

छोटीने वेळापत्रक काढलं असावं, बटणांचा आवाज आला. ती परत बोलली तेव्हा आवाज मऊ होता, आणि काहीतरी तोडगा काढल्याचं समाधान त्यात होतं. “मंगळवारी आणि शुक्रवारी नसते मीटिंग. शनिवार-रविवार मी बाहेर असते. त्या दोन दिवशी मी बसेन, पूर्ण तास. वहिनी, तू खुशाल जा, अगदी निवांत. पण बाकीच्या दिवशी आईला एकटीला ठेवायचं नाही. मी मध्येच केव्हाही बघेन. कबूल?”

रोजचा तास जाऊन आठवड्याचे दोन आले होते, आणि तेही राजरोस, परवानगीचे. नाही म्हणायला जागा नव्हती, कारण छोटीचं काहीच चुकीचं नव्हतं.

“कबूल,” वहिनी म्हणाली. आणि वर तिच्या तोंडून निघून गेलं, “थँक्यू गं.” तो शब्द तिला दिवसभर जिभेवर डाचत राहणार होता.

निळी कड विझली.

“आज वार कोणता?” सासूबाईंनी हळू आवाजात विचारलं.

“बुधवार.”

सासूबाईंनी सवयीने डोळे मिटून घेतले, आणि वहिनी समोर खुर्चीवर पाच वाजेपर्यंत बसून राहिली.