पाखरांचा वाफा

"वाफ्याला विळा लावशील तर बघ, राणशी! आधी माझ्या पायावर मार!" रांभीमा कणसांपुढं हात पसरून उभी राहिली.

"आई, भगरी दावणीला उठंना झालीय. पारडू गेलंच. आता म्हशीला बी ओढत न्यायची का गावाभाईर?" तिचा मुलगा राणशी विळा घेऊन तसाच उभा होता.

विहिरीच्या कडंचा बाजरीचा तो तुकडा सोडला तर शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. रांभीमाचा नवरा वेजाणंद दरसाल तो पाखरांसाठीच पेरायचा. जाणारे-येणारे विचारायचे, "वेजाणंदभाई, पाहुणे काय म्हणतात?" तो म्हणायचा, "जेवत्यात. मधी बोलू नगा."

यंदा पावसानं काठेवाडाकडं पाठ फिरवली, आणि पेरणी उरकते न उरकते तोच वेजाणंदला लकव्यानं खाटेवर पाडलं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. रांभीमानं तळचं गढूळ पाणी शेंदून वाफा जगवला. खाट दारात ओढली. सकाळी सुगरणी, होले, पोपट कणसांवर उतरले, की म्हाताऱ्याचे डोळे त्यांच्यामागं हिंडायचे. एरवी तो छताकडं बघत पडायचा.

"वाफा गेला तर तुझा बापू जाईल रे."

"आन् म्हैस गेली तर घरात काय ऱ्हाईल, आई?"

तेवढ्यात खाट करकरली. वेजाणंद डावा हात हलवत होता. रांभीमा धावली. "पाणी देऊ?" त्यानं मान हलवली. पाणी नको होतं. त्यानं विळ्याकडं बोट केलं, मग वाफ्याकडं, मग गोठ्याकडं.

"न्हाई हो, राणशीचे बापू, असं नगा सांगू."

त्यानं हात खाटेवर आपटला.

आता राणशीलाच विळा चालवेना. तो खाली बसून रडू लागला. रांभीमानं विळा त्याच्या हातातून घेतला आणि वाफा स्वतः कापला. भगरीनं पहिली पेंढी हुंगली आणि बसल्या जागी तोंड घातलं.

सकाळी पाखरं आली. घिरट्या घालून धसकटांत उतरली, सांडलेल्या दाण्यांवरून भांडली. दाणे संपल्यावर बांधावर नुसती बसून राहिली.

"खाट आत घेते," रांभीमा हळूच म्हणाली. वेजाणंदनं डाव्या हातानं चौकट धरली, ती सोडेना. मग तीही शेजारी टेकली. ऊन तापलं तशी पाखरं एकेक करून उडाली.

त्याच्या उजव्या गालावरून पाणी ओघळत होतं. तिनं ओढणीच्या टोकानं ते पुसलं. पुसलेलं त्याला कळलं नाही.