मागच्या भिंतीची खिडकी

मी उत्रोलीच्या रस्त्यावरचं दगडी शेतघर बोलतोय. आता शेतघर म्हणायचं ते सवयीनं. भोर वाढत वाढत माझ्या अंगणापर्यंत आलं, भाताच्या खाचरांचे प्लॉट झाले आणि तिन्ही बाजूंच्या इमारती माझ्याकडे वाकून बघू लागल्या. बघू देत बापड्या! माझ्या भिंती दोन हात रुंद आहेत.

मला कोंडिबांनी बांधलं. वर्षाचं भात मागच्या खोलीत, कणगीत राहायचं. चोराला वाट नको म्हणून तिच्या मागच्या भिंतीला त्यांनी खिडकीच ठेवली नाही. मला त्याचा कोण अभिमान!

चूलही त्याच खोलीत. कोंडिबांच्या सूनबाई सरूबाई लग्न होऊन आल्या, त्या तिथंच धुरात डोळे पुसत भाकरी थापू लागल्या. बुद्धांची तसबीर काळवंडायची, ती रोज पदरानं पुसायच्या. पुढे शेत गेलं, कणगी गेली, गॅस आला. अंधार मात्र हलला नाही.

परवा त्यांचा मुलगा सम्राट म्हणाला, "आई, बिल्डर जागा इचारतोय. तुजा जीव हाय घरावर. तू न्हाई म्हन, विषय संपला."

"पाडा की," सरूबाई म्हणाल्या.

माझ्या पायाखालची जमीन सरकली. घराच्या बाबतीत ही काही साधी गोष्ट नव्हे.

"अगं, आजोबांनी बांधलंय!"

"बांधलं त्यांनी. आत रांधलं म्या. भर दुपारी दिवा लावल्याबिगर मीठ दिसत न्हाई हितं."

सम्राटची बायको गायत्री हळूच म्हणाली, "आत्याबाई, खिडकी कुठं पायजे व्हती?"

सरूबाईंनी सरळ जाऊन भिंतीवर हात ठेवला. जागा कधीचीच ठरलेली होती.

गोरख गवंडी आला. छिन्नी बसली तेव्हा फार दुखलं, खोटं कशाला बोलू? पण वरचा एकही दगड मी हलू दिला नाही.

सकाळी ऊन थेट ओट्यावर आलं. सरूबाई भिंतीकडे बघतच राहिल्या. धुरानं मी किती काळा पडलोय, ते आम्हा दोघांनाही तेव्हाच दिसलं.

"सम्राट, आदी चुना आन."

"आन् बिल्डरला काय सांगू?"

"सांग, घरात काम निघालंय."

काम सावकाश होऊ द्या हो. माझं एवढंच मागणं आहे.