उडते ती दशी

मास्तरांचा एक नियम होता. उडते ती दशी, धरून बसतो तो किडा. सारा जन्म त्यांनी शिलाई केली आणि तेवढ्या ज्ञानावर आपलं काही अडलं नाही असं त्यांचं मत होतं. कोटाच्या काळ्या कापडावर काही दिसलं की फुंकर मारायची. सुताची दशी असेल तर जाईल. किडा असेल तर पाय रोवील, मग चिमटीत धरायचा.

हा नियम बायकोला शिकवावा लागेल असं मात्र त्यांना कधी वाटलं नव्हतं. हिवाळा सरता सरता तिला अंथरुणात किडे दिसू लागले. उशीच्या शिवणीतून निघतात आणि हातावर चढतात, म्हणे. ती ते वेचून काडेपेटीत ठेवायची. मास्तरांनी पेटी उघडून पाहिली, तर आत निळी लोकर, पांढरं सूत आणि रजईतला कापूस. दुसरं काही नाही. पण खाजवून खाजवून तिच्या हातांवर ओरखडे उठले होते आणि ते नेमके लेकीने पाहिले.

लेक एक घाव दोन तुकडे करणारी, बापावर गेलेली.

"बाबा, ती पुन्हा किडे म्हणाली तर मी तिला माझ्याकडे नेणार. तुम्ही दिवसभर मशीनवर. लक्ष कोण ठेवणार?"

बायको गेली तर मशीन कुणाला ऐकवायचं, हे मास्तरांना म्हणता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकोला खिडकीपाशी बसवलं. "अगं, बोंबलू नकोस. फुंकर मार आधी."

तिने मारली. किडा उडाला.

"मग काय होती ती?"

"दशी," ती नाखुशीने म्हणाली.

हळूहळू तिला त्याची गंमत वाटू लागली. मास्तर मशीन चालवत, ती बटणं लावी आणि मधेच फू करी. "अहो, घरभर नुसत्या दशा!"

"माझ्याशी लग्न केलंस तेव्हाच दशा झाली तुझी."

ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. हातांवरचे ओरखडे भरून आले, उन्हात बसून बसून तिच्या गालांवर तजेला आला, आणि इतके सुखाचे दिवस मास्तरांना तरुणपणीही आठवत नव्हते.

रविवारी लेक आली. आल्या आल्या तिने आईची काळी शाल उचलून तिच्यासमोर पसरली. शालीवर पांढरं, करडं बरंच काही होतं.

"आई, हे काय?"

"दशा आहेत. डोळे फुटले का तुझे?" म्हणत तिने फुंकर मारली. एका फुंकरीत शाल स्वच्छ झाली.

लेकीचे खांदे सैल झाले. तिने चहा घेतला, आईच्या डोक्यावरून हात फिरवला. "राहू दे मग इथेच," ती बापाला म्हणाली आणि बाहेर चपला घालायला गेली.

बायको कप गोळा करता करता मास्तरांच्या कानाशी वाकली. "माझा जीव नुसता टांगणीला लागला होता हो. सकाळीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आज फुंकर मारली की उडायचं म्हणून."

थट्टा करते आहे, असं वाटून मास्तर हसणार होते. एवढ्यात त्यांची नजर स्वतःच्या बाहीवर गेली. मनगटापाशी एक करडी दशी होती. सवयीने त्यांनी फुंकर मारली. ती हलली नाही. पुन्हा मारली, जोराने. बाहीचं कापड थरथरलं, दशी जागची ढळली नाही.

बायकोने वाकून पाहिलं. "तो माझ्यातला नाही," ती म्हणाली. "तो तुमचा." आणि कप घेऊन आत गेली.

"छत्री राहिली माझी." लेक दारात उभी होती. "बाबा, बाहीवर काय बघताय एवढं?"

"दशी."

"मग मारा की फुंकर."

तिने छत्री घेतली, पण ती जाईना. बापाकडे पाहत राहिली. आत नळाखाली कप वाजत होते आणि बायको गुणगुणत होती.

मास्तरांनी मनगट ओठांजवळ नेलं. श्वास रोखून धरला. मग लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेताने, आयुष्यात कुणाची विनवणी न केलेल्या आवाजात, म्हणाले, "ऊड."

आणि तो उडाला.