तीन नंबरचा कॉक

निरवांगीच्या शिवारात बाजीरावांचं अडीच एकर डाळिंब आहे. त्या डाळिंबाला पाणी कधी द्यायचं, हे त्यांना गेलेलं पोरगं सांगायचं. ऐकायला विचित्र वाटेल, पण आठ महिने हेच चाललं होतं आणि वस्तीवर कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं.

हे पोरगं, सुमित, बारामतीच्या एमआयडीसीत कामाला होतं. सुट्टीला घरी आला तरी हातातला स्क्रू ड्रायव्हर काही सुटायचा नाही. त्यानं पत्त्यांच्या कॅटाएवढा एक कॉम्प्युटर आणून घरातल्या फळीवर बसवला, रानात ओल मोजायची कांडी रोवली, बाहेर लिंबाच्या झाडाला भोंगा बांधला. बाजीरावांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून सगळ्या सूचना स्वतःच्या आवाजात भरल्या. "आबा, तीन नंबरचा कॉक बंद करा, चार सोडा." "आबा, आज पाणी नको, जमीन ओली हाय." एक तर चक्क अशी होती, "आबा, ऊन लय झालंय, टोपी घाला." भोंगा बोलला की बाजीराव वर बघून "व्हय रं बाळा" म्हणायचे आणि रानाकडं निघायचे.

गेल्या पावसाळ्यात डेंग्यूनं चार दिवसांत सुमित गेला. दवाखान्याच्या गर्दीत त्याचा फोनही चोरीला गेला. आवाज म्हणून जो काय उरला, तो त्या फळीवरच्या कॉम्प्युटरच्या डबीतल्या नखाएवढ्या मेमरी कार्डात. भोंगा वेळच्या वेळी बोलत राहिला. आई रंगुबाई भाकरी थापता थापता हात थांबवायची. बाजीराव "व्हय रं बाळा" म्हणायचे, अगदी पहिल्यासारखं.

मग एका गुरुवारी भोंगा गप्प झाला.

सुमितची धाकटी बहीण मोनाली बारामतीत एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. रविवारी सकाळीच ती एसटीनं आली. फळीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी सुमितचा, आणि खाली ती डबी. तिनं कार्ड काढून सुमितच्या जुन्या लॅपटॉपला लावलं आणि तिला हायसं वाटलं. कार्ड बिघडलं नव्हतं, भरलं होतं. सुमितनं त्याचे दोन भाग पाडले होते. पुढचा छोटा भाग मशीन चालायला, मागचा मोठा त्याच्या आवाजांना. मशीन रोज काय काय केलं ते लिहून ठेवत होती, आणि लिहून लिहून पुढचा भाग गच्च झाला होता.

"मंग आता?" बाजीरावांनी विचारलं.

"पुढचा भाग वाढवायचा, आबा. त्यासाठी मागचा थोडा पलीकडं सरकवायचा. शेवटाला मोकळी जागा हाय."

"म्हंजी बांध सरकवायचा."

"व्हय. पण रानातली झाडंबी एकेक करून हलवावी लागत्यात. अडीच-पावणेतीन तास लागतील."

"हलीव," बाजीराव म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

असं काम करायच्या आधी कॉपी काढायची असते. मोनाली पोरांना लॅबमध्ये हेच घसा फोडून सांगते. पण सव्वा वाजला होता, आणि त्या आठवड्यात लाईटची पाळी सकाळी आठ ते दुपारी चार, चारला ती जायची. कॉपीला तास गेला असता आणि काम चारच्या आत उरकलं नसतं. सुमितच्या लॅपटॉपची बॅटरी कधीच मेली होती, तो मशीनच्याच एक्स्टेन्शन बोर्डावर चालत होता. होईल की चारपर्यंत, असं ती मनाशी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं. हे बटण पुढं तिला जन्मभर टोचणार होतं.

तीनच्या सुमाराला रंगुबाईनं हाक मारली. चार नंबरच्या ओळीत खारीनं ठिबकची नळी कुरतडली होती, पाणी नुसतं वाहत होतं. मोनाली धावली. नळी जोडता जोडता चिखलात पाय भरले. साडेतीन उलटल्यावर ती घरी आली, तर फळीजवळ बाजीराव उभे, आणि त्यांच्या हातात एक्स्टेन्शन बोर्डाची पिन.

आता त्यांचंही ऐकलं पाहिजे. पाळी बदलताना लाईट अशी काही उसळते, की वस्तीवरचे दोन टीव्ही त्यात जळाले आहेत. म्हणून सुमितनं त्यांना बजावून ठेवलं होतं, "आबा, लाईट बदलायच्या अर्धा तास आधी माझ्या मशीनची पिन काढत जा." ते मोनालीला ठाऊक नव्हतं. बाजीराव ते रोज पाळत होते. सुमित गेल्यावरही एक दिवस चुकले नव्हते.

काम अर्ध्यात तुटलं होतं. मोनाली चिखलाच्या पायांनीच खुर्चीवर बसली. लाईट परत आल्यावर तिनं नाही नाही ते उपाय केले. मागचा भाग उघडेना. शेवटी कार्डातून आवाजाचे चार तुकडे निघाले, अर्ध्या अर्ध्या शब्दांचे. एकात नुसतं "आ" होतं.

चुलीपाशी रंगुबाईनं तिचं तोंड बघितलं आणि काय ते ओळखलं. "गेला?" एवढंच म्हणाली. मोनालीनं मान हलवली. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "त्यांना सांगू नगंस. आपल्या हातनं झालं म्हणून ते जगायचे न्हाईत."

चहा घेताना बाजीराव खुशीत होते. "तू रानात व्हतीस. मी बेतानं पिन काढली. पाळी बदलली तवा दिवा केवढा भडाकला बघितलास न्हवं? वाचली का मशीन?"

"व्हय आबा, वाचली," मोनाली म्हणाली. "एक पार्ट बदलायचा हाय. बारामतीला नेते."

दुसऱ्या दिवसापासून ती लॅबमधून दुपारी दोनला फोन करायला लागली. "आबा, तीन नंबरचा कॉक बंद करा, चार सोडा." बाजीराव "बरं" म्हणायचे. "व्हय रं बाळा" नाही. पार्ट कधी येणार, हेही विचारायचे नाहीत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

नवव्या दिवशी "बरं" सुद्धा आलं नाही.

"आबा?"

"मोने, मशीन दुरुस्तीला न्हाय न्हवं?"

तिनं समोरचा कीबोर्ड बाजूला सारला.

"मला ठावं हाय. त्या दिवशी पडदा काळा झाला व्हता, पण कार्ड लावल्यालं तितं बारका दिवा लुकलुकत व्हता. मी पाच मिंटं बघत हुबा व्हतो. मनात आलं बी, हिचं काम चालू हाय, हात लावू नये. पण अर्धा तास आधी काढायची, असं सुमितनं सांगितल्यालं. भोंगा तर बंद. मंग त्याचं सांगणं तेवढं एकच हाताशी राह्यलं व्हतं. ते मोडवलं न्हाय मला."

मोनाली रडायला लागली. समोर लॅबमधली पोरं होती, तिला त्याचं भान राहिलं नाही. "आबा, चूक माझी हाय. मी आधी कॉपी काढायला पाहिजे व्हती. तुमचं काय चुकलं न्हाय."

"असू दे. दोघांचंबी असू दे." फोनवर वारा ऐकू येत होता, म्हणजे ते रानातच होते. "उद्या फोन कर. पण त्याच्यासारखं कॉक बंद करा म्हणू नगंस."

"मग काय म्हणू?"

"जेवलात का म्हणून इचार. कॉक मला ठावं हायत, मोने. पयल्यापासनं ठावं व्हतं."