अकराचा पंखा की पंधराचा

ज्या वर्षी माझी धाकटी मुलगी मलानिया हिचं लग्न ठरल्या दिवसापेक्षा दोन दिवस उशिरा लागलं, कारण नवरदेवाकडची मंडळी नदीवरच्या फुटत्या बर्फात अडकली होती, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न उरकलं, ईस्टरच्या आधीचा मोठा उपास सुरू झाला, आणि उपासाच्या तिसऱ्या आठवड्यात माझा थोरला भाऊ सिदोर तुल्चा शहरातल्या डॉक्टरला दाखवून परत आला. डॉक्टर म्हणाला होता, या काळजावर अजून एक हंगाम निघेल. दुसऱ्याची खात्री नाही.

"मग एकच काढू," सिदोर म्हणाला. "पण पहिल्या पाळीचा."

वसंतात हेरिंग मासळी समुद्रातून डॅन्यूब नदीत चढते. गावापासून सात किलोमीटर वर नदीला एक वळण आहे. जाळं सोडायला तेवढीच जागा बरी. एक होडी जाळं सोडून प्रवाहाबरोबर खाली येते, ती वळणाबाहेर गेली की दुसरी, मग तिसरी. आठव्या होडीची पाळी येईपर्यंत मासळी शहाणी झालेली असते. ही पाळी हंगामाच्या पहिल्या सोमवारी ठरते. सहाची घंटा झाली की सगळ्या होड्या गावातून सुटतात. वळणावरच्या मोठ्या वाळुंजाच्या झाडाला जो आधी दोर बांधेल त्याची पहिली पाळी, पूर्ण हंगामभर. अट एवढीच की होडीत दोन माणसं हवीत आणि सगळं सामान हवं. जाळी, शिसं, नांगर, बर्फाच्या पेट्या. रिकामी होडी घेऊन आलेल्याला परत पाठवतात.

वल्ह्यांच्या काळात सिदोरने बावीस वर्षं पहिली पाळी सोडली नाही. मग इंजिनं आली आणि तो मागे पडला. गेली पाच वर्षं पहिली पाळी त्याच्या साडूची, आनानीची होती. आनानी हे रोज न चुकता आठवण करून द्यायचा.

सिदोरच्या मुलाने इटलीहून तीस घोड्यांचं इंजिन पाठवलं. आनानीचं होतं तसंच, फक्त नवं. राहिला पंखा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी पाण्यात फिरतो तो. तुल्चाच्या दुकानदाराने दोन पंखे दिले आणि सांगितलं, दोन्ही लावून बघा, नको असेल तो ओरखडा न पाडता परत पाठवा. एकावर अकराचा आकडा होता, दुसऱ्यावर पंधराचा. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं, पण आकडे येत होते. स्क्रू जसा लाकडात शिरतो तसा पंखा पाण्यात शिरतो. पंधराचा पंखा एका फेऱ्यात पंधरा इंच पुढे जायला बघतो, अकराचा अकरा.

पंखे शनिवारी संध्याकाळच्या बोटीने आले. आम्ही ते धक्क्यावरून उचलले आणि चर्चची घंटा वाजली. घंटा वाजली की आमचा रविवार सुरू. मग कोणी जाळ्याला हात लावत नाही, ओझं उचलत नाही. आणि सोमवारी सहाला शर्यत.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सिदोरने पाद्री मार्किअनना गाठलं.

"बाबा, होडी फिरवली तर चालेल?"

"मासे धरायला?"

"नुसतीच."

"नुसतं फिरणं हे काम नाही."

"पंखा बदलायला एक नट फिरवावा लागतो."

मार्किअन बाबांनी दाढी कुरवाळली. "या आठवड्यात ज्याने आधीच काही पाप केलं असेल त्याने फिरवावा. नवीन माणूस बिघडवू नका."

"लुका फिरवेल," सिदोर म्हणाला. लुका म्हणजे मी.

मी पंधराचा पंखा बसवला. सिदोर एकटाच होडीत बसला, दाढी सदऱ्यात खोचली, आणि गेला. काय गेला म्हणून सांगू! होडी पाण्याला लागतच नव्हती. धक्क्यावर उभं असलेलं सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. आनानी सूर्यफुलाच्या बिया सोलत उभा होता. तो सोलायचा थांबला.

मग मी अकराचा बसवला. इंजिन डुक्कर कापल्यासारखं किंचाळलं आणि होडी आधीपेक्षा हळू गेली.

"ठरलं," किनाऱ्याला लागता लागता सिदोर म्हणाला. "पंधराचा." आनानी जेवायला घरी गेला.

माझी बायको स्तेपानिदा तेवढ्यात पुढे आली. "भावोजी, उपाशी घोडा पळवून बघितलात. उद्या त्याला वऱ्हाड ओढायचंय."

"रविवारी सामान भरता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"सामान कशाला? माणसं भरा."

परत मार्किअन बाबांकडे जावं लागलं. ते सूपमध्ये ब्रेड बुडवत होते. "बाबा, माणसं होडीत बसली तर ते काम होतं का?"

"बसणं हे काम असतं," ते म्हणाले, "तर आपल्या गावाला पगार मिळाला असता. जा."

मी मनातल्या मनात जाळी, शिसं, नांगर, बर्फ आणि मी स्वतः अशी बेरीज केली आणि धक्क्यावरच्या बायकांवरून नजर फिरवली. सहा पुरल्या असत्या. शेजारची माव्रा त्यांत असली तर पाच. पण माव्राला तसं सांगणं बरं नव्हतं, म्हणून सहा घेतल्या. कोणाचं वजन किती हे कोणी विचारलं नाही. आम्हाला जगायचं होतं.

इंजिनावर अजून अकराचाच होता. सिदोर मागे बसला, बायका रविवारच्या शाली सावरत मधे बसल्या. होडीने नाक वर केलं, जरा विचार केला, मग नाक खाली टेकलं आणि ती पाण्यावर चढली. आता इंजिन किंचाळत नव्हतं, गात होतं. वळून आली तेव्हा माव्रा ओरडत होती, "अजून एकदा! माझ्या लग्नात पण एवढी जोरात नेली नव्हती मला!"

"तुझ्या लग्नात बैल होते," स्तेपानिदा म्हणाली.

"आणि ते दमले होते," सिदोरची बायको फेतिनिया म्हणाली.

"माझ्यामुळे नाही, माझ्या सासूमुळे!"

मी परत नट फिरवला. पंधराचा पंखा, त्याच सहा बायका. होडीने नाक वर केलं आणि ते वरच राहिलं. मागची बाजू पाण्यात बसली. इंजिन चिखलात रुतलेल्या बैलासारखं हुंकारत राहिलं. निळा धूर निघाला, आणि माव्रा मागच्या फळीवर होती ती कमरेपर्यंत भिजली. नदीत खुणेसाठी तरंगत ठेवलेल्या लाल पिंपापर्यंत जाऊन यायला एवढा वेळ लागला की किनाऱ्यावरचे लोक कंटाळून घरी गेले.

सिदोर उतरला. बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. रिकाम्या होडीला पंधरा इंचांची उडी झेपते, भरलेलीला इंजिन तेवढं ओढू शकत नाही, हे त्याला कळलं होतं. पण सगळ्या गावाने त्याला उडताना बघितलं होतं, आणि ती गोष्ट सोडायला माणसाला वेळ लागतो.

"अकराचा लाव," तो शेवटी म्हणाला.

संध्याकाळी आनानी आला. टोपी काढली, संतांच्या तसबिरींसमोर आमच्या रीतीने दोन बोटांनी क्रूस केला, बाकावर बसला.

"साडूभाऊ, दुसरा पंखा काय करणार?"

"कुठला दुसरा?"

"पंधराचा. ऐकलं, तू अकराचा लावलायस म्हणे."

"परत पाठवणार."

"उद्यापुरता मला दे. इंजिन सारखंच आहे आपलं."

मी टेबलाखालून सिदोरच्या पायावर पाय दिला. आनानीच्या इंजिनावर आधीचा चांगला पंखा होता, पाच वर्षं त्याच पंख्यावर तो जिंकला होता. त्याने स्वतःहून तो काढायचं ठरवलं होतं. आम्हाला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

सिदोरने पाय काढून घेतला. "भरल्या होडीला तो चालत नाही, आनानी."

"अस्सं?"

"सहा बायका बसवून बघितल्या. नाक वरच राहतं."

"सहा बायका." आनानीने माझ्याकडे बघितलं. "मी उडताना बघितलं तुला. मग मी जेवायला गेलो, आणि तेवढ्यात तुम्ही सहा बायका बसवून होडी मुद्दाम हळू चालवलीत, सगळ्या गावासमोर. मला येड्याच्या कुळातला समजतोस?"

"आनानी, तिसऱ्यांदा सांगतो. तुझाच पंखा ठेव. तो चांगला आहे."

"बघ! आता माझा पंखा चांगला झाला! पाच वर्षं म्हणत होता, आनानी जिंकतो ते वाऱ्यामुळे."

"ने मग. ओरखडा पाडू नकोस."

आनानी पंखा टॉवेलात गुंडाळून, छातीशी धरून घेऊन गेला. दार लागल्यावर मी म्हणालो, "दादा, ऐकला असता तो तर?"

"तर उद्या हरलो असतो."

"मग कशाला सांगितलंस?"

"एक हंगाम उरलाय, लुका. त्यात खोटं कुठे घालू?"

सोमवारी सहाला एकोणीस होड्या सुटल्या. मी पुढे जाळ्यांवर बसलो होतो. पहिल्या किलोमीटरला आमच्यापुढे चार होड्या होत्या, तिसऱ्याला एक. आनानी मागे कुठेतरी होता. त्याच्या होडीचं नाक आभाळाकडे होतं आणि त्याचा भाचा त्या नाकावर पालथा पडून ते खाली दाबायचा प्रयत्न करत होता.

पाचव्या किलोमीटरला सिदोर पांढरा पडला. डावा हात सदऱ्याच्या आत गेला.

"दादा, इंजिनाचा दांडा माझ्याकडे दे."

"हात लावलास तर ढकलून देईन."

"होडी वळवायचं मी बघतो ना!"

"तू दोर बघ."

पुढची होडी खोल पाण्यातून वळणाच्या बाहेरून गेली. सिदोरने आतून, लव्हाळ्याला घासून काढली. वाळुंजाशी आम्ही त्यांच्यापेक्षा दोन होड्यांच्या लांबीने आधी पोचलो. मी उडी मारून दोर बांधला. सिदोर जागेवर बसून राहिला आणि मोठमोठ्याने श्वास घेत राहिला. मग म्हणाला, "गाठ नीट मारलीस का?"

"मारली."

"दुसरी मार."

आनानी अकरावा आला.

पुढच्या रविवारी त्याने चर्चच्या अंगणात मार्किअन बाबांसमोर तक्रार घातली. "याने मला फसवलं, बाबा!"

"काय सांगितलं त्याने?"

"पंखा भरल्या होडीला चालत नाही म्हणून."

"आणि?"

"आणि नाही चालला!"

"मग त्याने खरं सांगितलं."

"तेच तर! वीस वर्षांत मासळीबद्दल एक शब्द खरा बोलला नाही हा माणूस. ऐन हंगामाच्या तोंडावर बोलायला लागला. मला कसं कळणार?"

बाबांनी दोघांकडे बघितलं. आनानीला त्यांनी शंभर साष्टांग नमस्कार सांगितले, साडूवर अविश्वास दाखवला म्हणून. सिदोरला वीस.

"मला कशाबद्दल?" सिदोर म्हणाला. "मी तर हसलोसुद्धा नाही."

"दाढीत हसलास."

डॉक्टरचं ऐकून सिदोरने ते वीस दोन दिवसांत वाटून घातले. आनानीने त्याच्या शेजारीच स्वतःचे शंभर घातले. मधे मधे तो मोजणं विसरायचा आणि सिदोर त्याला आकडा सांगायचा. आनानी दर वेळी तो मार्किअन बाबांकडून खात्री करून घ्यायचा.

त्या वर्षी हेरिंग उशिरा चढली. पहिल्या दिवशी पहिल्या पाळीला आम्हाला नऊ मासे मिळाले. उपास असल्यामुळे आम्हाला ते खाताही येत नव्हते. दुसऱ्या पाळीला कितीतरी जास्त मिळाले. सिदोरला त्याचं काही वाटलं नाही. रोज पहाटे तो सगळ्यांच्या आधी जाळं सोडायचा आणि मागे वळून रांगेत थांबलेल्या अठरा होड्यांकडे बघायचा. हंगाम संपेपर्यंत त्याने एकही दिवस चुकवला नाही. दांडा त्याने शेवटपर्यंत मला दिला नाही.

सिदोर त्याच वर्षी, संत मायकेलच्या सणानंतर तीन दिवसांनी, नोव्हेंबरच्या चोवीस तारखेला सकाळी घरी वारला. वय एकाहत्तर. आनानी त्यानंतर चार वर्षांनी, फेब्रुवारीत गेला.